झुकतं माप : मोटोजीपीतल्या मोठ्या रायडर्सना खरंच सूट मिळते का?



आमच्या शाळेच्या गेटसमोर उभ्या असलेल्या मोटारसायकलींपैकी दोन-तीन गाड्यांवर तरी पिवळ्या रंगात '४६' हा आकडा दिसतो. हा आकडा कुणाचा, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. इटलीचा वॅलेंटिनो रॉसी. नऊ वेळा जगज्जेता झालेला आणि २०२१च्या शेवटी निवृत्त झालेला रायडर.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत नववीतली दोन मुलं याच रॉसीवरून भांडत होती. एक म्हणत होता, "२०१५ची चॅम्पियनशिप त्याच्याकडून हिसकावून घेतली. आयोजक स्पेनचे, जिंकणारा स्पेनचा, सगळं ठरलेलं होतं." दुसरा म्हणत होता, "उलट रॉसी होता म्हणून थोडक्यात सुटला. दुसरा कोणी असता तर घरी पाठवला असता."

मी दोघांना एकच प्रश्न विचारला, "नियम काय होता?" दोघंही गप्प. मग त्यांतल्या एकाने जाता जाता मलाच एक वाक्य ऐकवलं. ते काय होतं, हे पाठाच्या शेवटी सांगतो. कारण हा पाठ लिहायचं खरं कारण ते वाक्यच आहे.

१. पक्षपात म्हणजे नेमकं काय?

आपण रोजच्या बोलण्यात 'पक्षपात', 'वशिला', 'झुकतं माप' हे शब्द फार सहज वापरतो. आपल्याला हवा तसा निकाल लागला नाही की तो पक्षपात! पण निकाल न आवडणं वेगळं आणि निकाल अन्यायाचा असणं वेगळं.

सोपी व्याख्या लक्षात ठेवा. चूक तीच, नियम तोच, पण माणूस बदलला म्हणून शिक्षा बदलली, तर तो पक्षपात. या व्याख्येत तीन गोष्टी आहेत : चूक, नियम आणि माणूस. आरोप करण्याआधी या तिन्ही तपासायच्या. आज आपण एका प्रसिद्ध प्रसंगावर हे करून बघू.

२. आधी खेळ समजून घेऊ

मोटोजीपी ही मोटारसायकल शर्यतींची सर्वांत वरची जागतिक स्पर्धा. वर्षभर वेगवेगळ्या देशांत शर्यती होतात. २०२३च्या सप्टेंबरमध्ये आपल्या देशातही ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक शर्यत झाली होती. ती इटलीच्या मार्को बेझेकीने जिंकली.

प्रत्येक शर्यतीत पहिल्या पंधरा जणांना गुण मिळतात. पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, चौथ्याला १३, पाचव्याला ११ आणि असं कमी होत पंधराव्याला १. वर्षाच्या शेवटी ज्याचे गुण जास्त तो जगज्जेता.

आता कारभार कोणाकडे? खेळाची जागतिक संघटना आहे एफआयएम. आणि १९९२पासून या शर्यतींचे व्यावसायिक हक्क डोर्ना या कंपनीकडे आले. व्यावसायिक हक्क म्हणजे टीव्हीचं प्रक्षेपण, जाहिराती वगैरे. डोर्ना ही स्पेनमधली कंपनी. २०१५ साली चार शर्यती एकट्या स्पेनमध्येच झाल्या आणि पुढे असणारे तीन मोठे रायडर, हॉर्हे लोरेन्झो, मार्क मार्केझ आणि दानी पेद्रोसा, तिघंही स्पेनचेच. संशयाचं बी इथेच आहे. पण बी असणं म्हणजे झाड असणं नव्हे!

दुसरी बाजूही बघा. तेव्हा या खेळातलं सर्वांत मोठं नाव रॉसीचंच होतं. कोणत्याही देशात शर्यत असो, स्टँड पिवळ्या टोप्यांनी भरलेलं दिसायचं. म्हणजे आयोजकांचा धंदा रॉसीवर चालत होता. मग ते त्याला सांभाळून घेतील की त्याचं नुकसान करतील? आहे की नाही गंमत? एकाच आयोजकावर दोन्ही दिशांनी संशय घेता येतो.

३. सेपांग, २५ ऑक्टोबर २०१५

मलेशियातल्या सेपांगची ही शर्यत वर्षातली शेवटून दुसरी. रॉसी आणि लोरेन्झो दोघंही यामाहाच्या एकाच संघात, पण जगज्जेतेपदासाठी एकमेकांचे प्रतिस्पर्धी. रॉसी ११ गुणांनी पुढे. होंडावरचा मार्केझ या झुंजीतून बाहेर पडलेला होता.

शर्यतीच्या आधी पत्रकार परिषदेत रॉसीने उघड आरोप केला, की आदल्या आठवड्यात ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला मार्केझ मुद्दाम लोरेन्झोला मदत करत होता. आता आठवा, की त्या शर्यतीत मार्केझने शेवटच्या लॅपमध्ये लोरेन्झोलाच मागे टाकून पहिला क्रमांक घेतला होता. म्हणजे लोरेन्झोचे पाच गुण त्याने कमी केले. मदत करणारा असं करेल का? रॉसीचं म्हणणं होतं, की त्याने मध्येच वेग कमी-जास्त करून आपल्याला मागच्या घोळक्यात अडकवलं. दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती.

सेपांगला रॉसी आणि मार्केझ सुरुवातीपासून एकमेकांना भिडले. पुन्हा पुन्हा एकमेकांना ओलांडत राहिले. सातव्या लॅपमध्ये १४व्या वळणावर रॉसी आतल्या बाजूला होता. त्याने वेग कमी केला, मार्केझकडे वळून पाहिलं आणि त्याला बाहेरच्या बाजूला ढकलत नेलं. दोघांची टक्कर झाली आणि मार्केझ पडला. रॉसीने लाथ मारली की पाय नुसता निसटला, यावर आजही वाद होतात. शर्यत पेद्रोसाने जिंकली, लोरेन्झो दुसरा आणि रॉसी तिसरा.

शर्यतीनंतर 'रेस डायरेक्शन' या समितीने दोघांनाही बोलावलं. निर्णय असा झाला : रॉसीने मुद्दाम बाहेर जाऊन दुसऱ्याची लाइन बिघडवली आणि त्यातून टक्कर झाली, म्हणून त्याला तीन दंडगुण. मार्केझ रॉसीचा वेग बिघडवायचा प्रयत्न करत होता, असं समितीचंही मत होतं. पण त्याने कोणता नियम मोडला नव्हता, म्हणून त्याला शिक्षा नाही.

तेव्हा दंडगुणांची पद्धत होती. चार झाले की पुढच्या शर्यतीत सर्वांत मागून सुरुवात करायची, सात झाले की पिट लेनमधून, आणि दहा झाले की एका शर्यतीची बंदी. (पुढे ही पद्धत बंद झाली.) रॉसीच्या नावावर त्याच वर्षी मिसानोच्या पात्रता फेरीतला एक दंडगुण आधीच होता. तीन अधिक एक चार! म्हणजे शेवटच्या शर्यतीत, व्हॅलेन्सियाला, तो सर्वांत मागून सुटणार.

रॉसीने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली. लवादाने शिक्षेला स्थगिती दिली नाही. ८ नोव्हेंबरला व्हॅलेन्सियाला रॉसी २६व्या जागेवरून सुटला आणि एकेकाला मागे टाकत चौथा आला. लोरेन्झो पहिला, मार्केझ दुसरा, पेद्रोसा तिसरा. मार्केझ जवळजवळ पूर्ण शर्यत लोरेन्झोच्या मागे राहिला, पण त्याला ओलांडायचा ठोस प्रयत्न त्याने केला नाही, म्हणून पुन्हा ओरड झाली.

४. आता वही-पेन घ्या

भावना बाजूला ठेवून गणित करू.

सेपांगच्या आधी रॉसी ११ गुणांनी पुढे. सेपांगला लोरेन्झोला २० आणि रॉसीला १६ मिळाले, म्हणजे आघाडी ११ वरून ७ वर आली. व्हॅलेन्सियाला लोरेन्झोला २५ आणि रॉसीला १३. फरक १२. सात वजा बारा, म्हणजे रॉसी ५ गुणांनी मागे. अंतिम गुण : लोरेन्झो ३३०, रॉसी ३२५.

पहिला प्रश्न : शिक्षा झालीच नसती तर? लोरेन्झो पहिला आल्यावर रॉसीला जगज्जेता व्हायला दुसरा क्रमांक हवा होता. दुसरा आला असता तर २० गुण, म्हणजे दोन गुणांनी विजयी. तिसरा आला असता तर १६ गुण, म्हणजे दोन गुणांनी हार. म्हणजे पुढून सुटूनही त्याला किमान दुसरं यावंच लागलं असतं. ते जमलं असतं की नाही, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न : लोरेन्झोच्या बाजूच्या लोकांना हवी होती तशी कडक शिक्षा झाली असती तर? समजा रॉसीला सेपांगमधून बादच केलं असतं. मग त्याचे १६ गुण गेले असते आणि ७ने पुढे असण्याऐवजी तो ९ने मागे पडला असता. मग व्हॅलेन्सियाला लोरेन्झोने जिंकल्यावर रॉसी कितीही पुढून सुटला असता तरी उपयोग नव्हता.

बघा, म्हणजे झालेली शिक्षा ही मधली होती. एका बाजूला वाटलं फार जास्त, दुसऱ्या बाजूला वाटलं फार कमी. रॉसीचे चाहते म्हणाले, "स्पॅनिश कट!" आणि लोरेन्झोने सेपांगच्या पोडियमवरच अंगठा खाली करून नाराजी दाखवली. रॉसीचं नाव मोठं म्हणून शिक्षा हलकी झाली, असा त्याच्या बाजूचा सूर होता. निर्णय एक, आणि त्यावर पक्षपाताचे आरोप दोन, तेही उलट्या दिशांचे!

इथे एक सावधगिरी. "दोघंही ओरडतात म्हणजे पंच बरोबरच असणार," असंही समजू नका. दोघं ओरडत असतानाही पंच चुकलेला असू शकतो. दोघांच्या ओरडण्यातून एवढंच कळतं, की ओरडणं हा पुरावा नव्हे.

५. मग तपासायचं कसं? चार प्रश्न

प्रश्न पहिला : तशाच चुकीला आधी काय शिक्षा झाली? २०११मध्ये फ्रान्सच्या ल मान्सला मार्को सिमोन्चेलीची पेद्रोसाशी टक्कर झाली. पेद्रोसाच्या खांद्याचं हाड मोडलं आणि सिमोन्चेलीला शर्यत चालू असतानाच पिट लेनमधून जाण्याची शिक्षा झाली. २०१३मध्ये स्पेनच्या हेरेझला मार्केझने शेवटच्या वळणावर लोरेन्झोला धक्का देऊन दुसरा क्रमांक घेतला. शिक्षा शून्य. आता कोणीही म्हणेल, हा घ्या पक्षपात! पण थांबा. एकात समोरचा पडला, दुसऱ्यात पडला नाही. मग समिती कृतीला शिक्षा देते की परिणामाला? हा प्रश्न पक्षपाताइतकाच महत्त्वाचा आहे. परिणाम बघून शिक्षा ठरली की ती नेहमीच मनमानी वाटते.

प्रश्न दुसरा : उलटी उदाहरणं आहेत का? माणूस आपल्याला सोयीची उदाहरणंच लक्षात ठेवतो. मार्केझ 'लाडका' होता असं म्हणायचं असेल, तर ही दोन उदाहरणंही मोजावी लागतील. २०१३मध्ये फिलिप आयलंडला टायर टिकत नव्हते, म्हणून ठरलेल्या लॅपच्या आत गाडी बदलणं सक्तीचं होतं. गुणतक्त्यात पहिला असलेला मार्केझ एक लॅप उशिरा आत आला. त्याला काळा झेंडा दाखवून बाद केलं. त्याची आघाडी ४३ वरून १८ वर आली, आणि वर्षाच्या शेवटी तो फक्त चार गुणांनी जिंकला. दुसरं, २०१८चं अर्जेंटिना. मार्केझ तेव्हा गतविजेता होता. एकाच शर्यतीत त्याला तीन शिक्षा झाल्या. शेवटची रॉसीला पाडल्याबद्दल तीस सेकंदांची. पाचव्या क्रमांकाने रेषा ओलांडणारा मार्केझ १८वा ठरला. गुण शून्य.

म्हणजे पक्षपात कधीच नव्हता असं सिद्ध झालं का? नाही. दोन उदाहरणांनी काहीच सिद्ध होत नाही, ना इकडचं ना तिकडचं. खरं उत्तर हवं असेल तर सगळ्या टकरी, सगळ्या शिक्षा आणि सगळी नावं एका तक्त्यात मांडावी लागतील.

प्रश्न तिसरा : न्याय करणारा कोण आहे? हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१५च्या रेस डायरेक्शनमध्ये आयोजक कंपनीचाही प्रतिनिधी बसत असे. तो माणूस प्रामाणिक असेलही. पण जो तिकिटं विकतो तोच न्यायाला बसला, तर निर्णय कितीही बरोबर असला तरी लोकांना पटत नाही. पुढे शर्यत चालवणं आणि शिक्षा ठरवणं ही दोन कामं वेगळी करण्यात आली. २०१९पासून शिक्षा ठरवणाऱ्या स्ट्युअर्ड मंडळाचं अध्यक्षपद फ्रेडी स्पेन्सर या माजी जगज्जेत्याकडे होतं. वाद थांबले का? अजिबात नाही. पण 'पंच मालकाचा माणूस आहे' या आक्षेपाची धार तरी कमी झाली.

प्रश्न चौथा : माझं मन कुठे झुकलंय? 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा' ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आली. सेपांगचा तोच व्हिडिओ पिवळी टोपी घालून पाहिला की लाथ दिसत नाही, आणि टोपी काढून पाहिला की दिसते! म्हणून निकाल ऐकण्याआधी स्वतःला विचारा : नावं उलटी असती तर मी हेच म्हणालो असतो का?

६. खरं झुकतं माप शर्यतीच्या आधीच मिळतं

आपण सगळे शिक्षेवर भांडतो. पण मोठ्या रायडरला मिळणारा खरा फायदा अनेकदा शर्यत सुरू होण्याआधीच मिळालेला असतो.

२००८ साली यामाहाच्या एकाच संघात रॉसीला ब्रिजस्टोनचे टायर मिळाले आणि नवख्या लोरेन्झोला मिशेलिनचे. रॉसीने ब्रिजस्टोन मागून घेतले होते. त्या वर्षी रॉसी जगज्जेता झाला. त्यात नियमाचा भंग नव्हता. पण असं मागून घेण्याचं वजन नवख्या मुलाकडे असतं का? पुढे २००९पासून सगळ्यांना एकाच कंपनीचे टायर सक्तीचे झाले, आणि हा फरक मिटला.

दुसरं उदाहरण. २०१०पासून नियम होता, की नवख्या रायडरने पहिल्या वर्षी कंपनीच्या मुख्य संघात जायचं नाही. चांगले नवे रायडर छोट्या संघांनाही मिळावेत, हा हेतू. २०१२ साली हा नियम रद्द झाला आणि २०१३ला मार्केझ थेट होंडाच्या मुख्य संघात आला. आला आणि पहिल्याच वर्षी जगज्जेता झाला. नियम त्याच्यासाठीच बदलला, असं अनेकांनी म्हटलं. बदल सगळ्यांना लागू होता, हे खरं. पण त्याचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला, हेही डोळ्यांसमोर आहे.

पण याचीही उलटी बाजू आहे. २०२४मध्ये डुकाटीने पुढच्या वर्षीच्या मुख्य संघासाठी हॉर्हे मार्टिनला डावलून मार्केझला निवडलं. मार्टिन चिडला आणि त्याने पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या कंपनीशी करार केला. तरी त्या वर्षी त्याला गाडी मुख्य संघासारखीच मिळत राहिली. आणि मार्टिनने प्रामॅक या खासगी संघाकडून जगज्जेतेपद जिंकलं. त्याचे गुण ५०८, डुकाटीच्या मुख्य संघातल्या बान्याइयाचे ४९८. मोटोजीपीच्या काळात खासगी संघाचा रायडर पहिल्यांदाच जगज्जेता झाला. साधनं सारखी मिळाली की काय होऊ शकतं, हे यातून दिसतं.

आणि एक लक्षात घ्या, प्रत्येक झुकतं माप वाईट नसतं. २०२४पासून कंपन्यांचे त्यांच्या गुणांनुसार चार गट केले आहेत. मागे पडलेल्या कंपन्यांना चाचण्यांची आणि इंजिन सुधारण्याची जास्त सवलत, आणि सतत जिंकणाऱ्याला कमी. सुरुवातीला डुकाटी सर्वांत वरच्या गटात एकटीच होती, तर होंडा आणि यामाहा सर्वांत खालच्या. ही सवलत उघड आहे, आधी लिहिलेली आहे आणि कमकुवताच्या बाजूने आहे. पक्षपात लपून होतो, त्याचा नियम कुठे लिहिलेला नसतो आणि बहुतेक वेळा तो बलवानाच्या बाजूने असतो. हा फरक वहीत लिहून ठेवा.

७. ते वाक्य

आता सुरुवातीला राहिलेलं सांगतो. मी "नियम काय होता?" असं विचारल्यावर त्यांतला एक मुलगा जाता जाता म्हणाला, "सर, आपल्या वर्गात तरी कुठे आहे नियम? पहिल्या बाकावरचे उशिरा आले तर तुम्ही 'ये, बस' म्हणता. आम्ही आलो तर बाहेर उभं करता."

मला राग आला. खोटं वाटलं. पण मीच वर लिहिलेले चार प्रश्न स्वतःला लावून पाहिले. चूक तीच होती? हो, उशिरा येणं. नियम तोच होता? लिहिलेला नियमच नव्हता, माझ्या मनावर होतं. माणूस बदलला की शिक्षा बदलत होती? दोन दिवस मी एका कागदावर नोंद केली. तिसऱ्या दिवशी तो कागद बघवला नाही. हुशार मुलगा उशिरा आला की 'काहीतरी अडचण असेल' असं माझं मन आपोआप म्हणत होतं. दुसऱ्याच्या बाबतीत मन काहीच म्हणत नव्हतं. मी कोणाचा कट केला नव्हता, तरीही माप झुकलेलं होतं.

मोठ्या रायडरच्या बाबतीतही बहुतेक असंच होत असावं. कोणी खोलीत बसून कट करत नसेल, पण मोठ्या नावाला संशयाचा फायदा नकळत मिळतो. म्हणूनच नियम आधी लिहून ठेवायचा असतो, शिक्षेचं कारण सगळ्यांसमोर सांगायचं असतं, आणि दाद मागायला दुसरी जागा ठेवायची असते. आता आमच्या वर्गाच्या दारावर उशिरा येण्याचा नियम लिहून लावला आहे. तो मुलांनीच बनवला आहे आणि तो मलाही लागू आहे!

स्वाध्याय

१. पक्षपाताची व्याख्या तुमच्या शब्दांत लिहा आणि घरातलं किंवा खेळाच्या मैदानावरचं एक उदाहरण द्या.

२. गणित : व्हॅलेन्सियाला लोरेन्झो दुसरा आणि रॉसी चौथा आला असता, तर दोघांचे एकूण किती गुण झाले असते?

३. शिक्षा कृतीला असावी की परिणामाला? दोन्ही बाजूंचे प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.

४. तुमच्या आवडत्या खेळाडूविरुद्ध गेलेला एक निर्णय घ्या. नावं उलटी करून पुन्हा विचार करा. तुमचं मत बदललं का? प्रामाणिकपणे लिहा. याला गुण नाहीत, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत सोडवून झाल्यावर शेजारच्या मित्राशी ताडून पाहा. भेटूया पुढच्या पाठात.